शेऱ्याचा रकाना

वाचनालयात वाचायला नेमकं कोण येतं हे मोजायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी खूश झालो होतो, हे आधीच कबूल करतो. पुढे जे झालं त्यात माझा काही वाईट हेतू नव्हता, असं मी बरेच दिवस भेटेल त्याला सांगत होतो. आता सांगत नाही. एक तर दमलो, आणि दुसरं म्हणजे ऐकणारे माझं वाक्य संपायच्या आत मान हलवायला लागतात.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. माझं काम फायलींवर टिपण लिहिण्याचं. मी पानभर लिहायचो, वरचा अधिकारी त्याखाली ‘पाहिले’ लिहून सही करायचा, त्याच्या वरचाही ‘पाहिले’ लिहायचा. कोणीही काहीही पाहिलेलं नसायचं. एकदा मी टिपणाच्या मध्यात एक वाक्य मुद्दाम दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वाक्यांसकट फाइल मंत्रालयापर्यंत जाऊन परत आली.

निवृत्त झालो आणि गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर राहायला लागलो. बायको भांडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही ऑफिसला जात होतात तेव्हा ही खोली केवढी मोठी होती!” मी दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या वाडीतल्या मोफत वाचनालयात जायला लागलो.

पहिल्या मजल्यावर लांबट हॉल. भिंतीलगत उतरत्या फळ्यांचे स्टँड, मधे दोन लांब टेबलं, लाकडी दांडीला अडकवलेले पेपर आणि चार पंखे, त्यातला एक कण्हणारा. मी दहाला जायचो, बारापर्यंत पेपर वाचायचो आणि बारानंतर तोच पेपर तोंडासमोर धरून डोळे मिटायचो. माझ्या ह्या अवस्थेला मी चिंतन म्हणत असे. आठ महिने गेलो. त्या आठ महिन्यांत माझ्या डाव्या-उजव्या बाजूला कोण बसतं हे कोणी विचारलं असतं, तर मला एक चेहरा सांगता आला नसता.

मग एक दिवस वाचनालयाचे कार्यवाह माझ्याजवळ आले. चाळिशीचा माणूस, परळला कुठल्याशा टॉवरमधल्या कंपनीत नोकरीला, उरलेल्या वेळात हे सांभाळतो. म्हणाले, “काका, एक काम कराल? विश्वस्तांची मीटिंग आहे. एका कोचिंग क्लासला दुपारी बारा ते चार आपला हॉल हवाय. अध्यक्षांचं मत आहे देऊन टाकू, दुपारी कोण येतं? तर तीन आठवडे फक्त माणसं मोजा. उभ्या रेघा मारल्यात तरी चालेल.”

कारकुनाला नुसत्या रेघा मारायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला नुसतं पाणी उकळ म्हणण्यासारखं आहे. मी त्याच संध्याकाळी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि पट्टी धरून रकाने आखले. अनुक्रमांक, आगमन, निर्गमन, ओळख, काय वाचले, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत रुंद. नोकरीत तो नेहमी वरच्यांचा असायचा. तो भरायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या छोट्या टेबलाशी वही उघडून बसलो, आणि काय सांगू, हॉलच बदलला. आठ महिने जिथे पंखे आणि पेपर होते तिथे एकदम माणसं दिसायला लागली. एक गृहस्थ फक्त निधनवार्ता वाचतात आणि वाचून झाल्यावर समाधानाने उठतात. एक जण स्टँडपाशी पाऊण तास एकाच पानावर उभा असतो, कारण पानाआड मोबाइलवर क्रिकेट चालू असतं. एकाला पेपर नकोच असतो, फक्त मुतारी हवी असते, पण रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून दोन मिनिटं अग्रलेखासमोर उभा राहतो. ज्या डोळ्यांनी मी आठ महिने चिंतन केलं तेच डोळे आता पोस्टमास्तरासारखे चौकस झाले. गुडघे दुखायचे थांबले. बायको म्हणाली, “तुम्ही परत कामाला लागल्यासारखे दिसताय.” लागलोच होतो.

लोकांची नावं विचारायची सोय नव्हती, म्हणून ‘ओळख’च्या रकान्यात मी खुणा लिहायचो. चष्म्याला दोरी. बगलेत छत्री. पांढरी टोपी. ह्यातले हे टोपीवाले माझे आवडते झाले. पंचाहत्तरीच्या पुढचे, किरकोळ अंगाचे. बारा वाजून पाच मिनिटं झाली की यायचे. दांडीचा पेपर घ्यायचे, शेवटच्या खुर्चीत बसायचे, पेपर उघडून हातात सरळ धरायचे आणि त्याच्यामागे झोपायचे. मान पडत नाही, पेपर पडत नाही, टोपीसुद्धा हलत नाही. इतकी शिस्तीची झोप मी कचेरीतही पाहिली नव्हती, आणि तिथे ह्या विषयातले जाणकार होते. मी लिहिलं: ‘पां. टो., दु. १२.०५. काय वाचले: निरंक. शेरा: अखंड निद्रा. घोरत नाही.’

जेवताना मी हे शेरे बायकोला वाचून दाखवायचो. निधनवार्तांना हसली, मुतारीवाल्याला हसली. टोपीवाल्यांवर मात्र तिने घास हातात धरून विचारलं, “पण ते दुपारचे आपल्या घरी का नाही झोपत?”

“तो रकाना नाही,” मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

मीटिंग रविवारी सकाळी त्याच हॉलमध्ये झाली. सात विश्वस्त, मी आणि चहा द्यायला मावशी. मावशी म्हणजे वाचनालयात झाडलोट करणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बाई, लालबागहून येतात. त्यांचे यजमान गिरणीत होते. कार्यवाह आकडा सांगायला उभे राहिले तेवढ्यात अध्यक्षांनी माझी वही ओढून घेतली. “अरे वा, एवढं व्यवस्थित?” म्हणाले, आणि मोठ्याने वाचायला लागले.

मुतारीवाल्यापाशी पहिला हशा आला. क्रिकेटवाल्याला दुसरा. ‘अखंड निद्रा. घोरत नाही.’ ह्यावर एका विश्वस्तांना चहाचा ठसका लागला. “अहो, तुम्ही लिहायला हवं होतं कुठेतरी!” अध्यक्ष म्हणाले. मी मान खाली घालून लाजलो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा माझं लिखाण कोणीतरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होतं. माझ्या शेजारी कार्यवाह का हसत नाहीत, हा विचारही मला शिवला नाही.

अध्यक्षांनी वही मिटली. “तर मंडळी, चित्र स्पष्ट आहे. अर्ध्याहून जास्त लोक इथे झोपायला येतात. आपलं हे वाचनालय आहे, विश्रांतिगृह नाही. एक तारखेपासून बारा ते चार बंद.” हात वर झाले. मीसुद्धा, मला मत नसताना, अर्धा हात वर केला होता असं आठवतं.

बाहेर पडताना कार्यवाह दबक्या आवाजात म्हणाले, “काका, हॉल चालू ठेवावा असं म्हणणारा मी एकटाच होतो. माणसं भरपूर येतात, नुसता आकडा सांगितला असता तर ठराव पडला असता. मी तुम्हाला रेघा म्हटलं होतं.”

जिन्यात मावशी कपबशांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मला वाट देईनात.

“काय ओ, शिकल्यासवरल्या मानसांनी असां लिवायचां?”

“मावशी, मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलंय.”

“कधी पायलात? तुम्ही चारला दहा कमी असताना खाली चहाला जाता. रोज. घड्याळ लावून.”

हे खरं होतं. सुटी चारला होवो की सातला, कामाची वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी उठायची माझ्या पायांना चौतीस वर्षांची सवय आहे. टेबल आवरून मी उतरायचो आणि टोपीवाल्यांच्या निर्गमनाच्या रकान्यात आधीच ‘३.५०’ टाकून ठेवायचो.

“बाबा त्याच टायमाला उठतात,” मावशी म्हणाल्या. त्या टोपीवाल्यांना बाबा म्हणतात. “तोंड धुतात आणि मी झाडू मारते तेव्हा उभ्यानं मला पेपर वाचून दाखवतात. पयल्या पानापासून. मला येत नाय वाचायला. गिरणी कामगारांच्या घरांचं काय आलं की आधी तां वाचतात. किती वरसां वाट बघतोय आमी. ऱ्हवली गोष्ट त्यांच्या झोपेची. त्यांचो मुलगो नाईटला. सकाळी आठाक येतो आणि एका खोलीत, एका खाटेवर, चारपर्यंत झोपतो. बाबांना खोकला. मुलाची झोप मोडू नये म्हणून हा मानूस सकाळी देवळात, मग बाराला देऊळ बंद झालं की हयसर. रात्री नातवाच्या अभ्यासाचो दिवो, ह्यांना झोप कधी? घरातून कोणी घालवलेला नाय हां त्यांना. मुलाला वाटतं बाप वाचनाचा शौकीन.”

मी म्हटलं, “हे मला कोणी सांगितलं नाही.”

“इचारलात?” मावशी म्हणाल्या, आणि ट्रे घेऊन वर गेल्या. ट्रे जोरात आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला.

मी घरी जाऊन कारकून जे करतो ते केलं. टिपण लिहिलं. चार पानी, मुद्देसूद, ‘पूर्वीच्या अहवालात दुरुस्ती करणेबाबत’ असा विषय घालून. नेऊन अध्यक्षांना दिलं. ते नव्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर राहतात. त्यांनी चष्मा शोधला, सापडला नाही, म्हणाले, “बघतो हां.” चार दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “पाहिलं मी. पण वही पण तुमचीच ना? मग आधीचं खोटं की हे?” दोन्ही खरं होतं.

एक तारखेला पावणेबारालाच मी वाचनालयाच्या जिन्याशी जाऊन उभा राहिलो. बाराला वर कुलूप लागलं. नोटीस टंकलेखनात, शुद्धलेखन चोख. टोपीवाले आले, सावकाश जिना चढले, नोटीस वाचली, सावकाश उतरले. मला पाहून थांबले.

“तुम्ही रोज बसून काय लिहीत होतात हो?”

“हजेरी,” मी म्हणालो.

“माझी लागली का?”

“लागली.”

“मग बरं,” म्हणाले आणि चालू लागले. मी मागे गेलो. कुठे चाललात विचारलं तर म्हणाले, बघू. म्हटलं, मीही मोकळाच आहे. तो सबंध दिवस मला पुसून टाकता येत नाही. साठ वर्षं मी ह्या गिरगावात राहतोय. लहानपणापासून हे रस्ते पायाखालचे. पण एका म्हाताऱ्या माणसाला चार तास टेकायला जागा हवी, एवढं मनात धरून मी ते कधी चाललो नव्हतो. देऊळ बारा ते चार बंद. बाग बारा ते तीन बंद. फाटकाच्या आत बाकं रिकामी, आणि झाडांच्या सावल्या त्यांच्यावर व्यवस्थित पसरलेल्या. बसस्टॉपवर पूर्वी फळी होती, तिथे आता तिरकी नळी आहे; तिच्यावर माणूस टेकतो आणि घसरतो. चौपाटीवर ऊन असं की कबुतरंसुद्धा नव्हती. शेवटी एका बँकेत शिरलो. आत गारवा, रिकाम्या खुर्च्या. दारावरचा रखवालदार जवळ आला.

“काय काम आहे?”

मी पासबुक, व्याज असं काहीतरी जुळवत होतो. टोपीवाल्यांनी सरळ सांगितलं, “बसायचंय.”

रखवालदार वाईट नव्हता. त्याने मॅनेजरच्या काचेकडे बघितलं, मग आमच्याकडे. “पाच मिनटं बसा,” म्हणाला. पाच मिनिटं झाल्यावर टोपीवाले स्वतःच उठले.

मग मी त्यांना घरी घेऊन गेलो. बायकोने कोकम सरबत दिलं, पंख्याखाली सतरंजी अंथरली, उशीला धुतलेला अभ्रा घातला. “पडा थोडं,” म्हणाली. ते नको नको म्हणत खुर्चीत बसले. टोपी डोक्यावर, हात गुडघ्यांवर, पाठ खुर्चीला लागू न देता. आम्ही दोघं आतल्या खोलीत जाऊन बसलो, म्हणजे त्यांना संकोच नको. दर थोड्या वेळाने मी डोकावायचो. डोळे उघडे. तीन वाजता बायको माझ्या कानाशी म्हणाली, “अहो, ते झोपत का नाहीत?”

“मला काय माहीत?”

“तुम्हाला त्यांच्या झोपेबद्दल सगळं माहीत होतं ना?”

चारला ते उठले, बायकोला नमस्कार केला, सरबत छान होतं म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी शोधत निघालो, तर बसस्टॉपच्या त्या नळीला टेकून उभे. घसरले की पुन्हा वर सरकत होते. “चला घरी,” मी म्हटलं.

“नको हो.”

“अहो, काय संकोच त्यात? माझी बायको वाट बघतेय.”

“तुमच्या घरी मी पाहुणा. पाहुण्यानं रोज जायचं नसतं, आणि गेल्यावर झोपायचं तर मुळीच नसतं.” त्यांनी खोकला येऊ दिला, जाऊ दिला. “वर हॉलमध्ये मी वाचक होतो हो. वाचकाला कोणी विचारत नाही.”

मला तोवर मनातून वाटत होतं की मी त्यांचं फार मोठं नुकसान केलेलं नाही. झोप काय, कुठेही मिळते. त्या नळीपाशी मला उमगलं की मी त्यांची झोप हिरावली नव्हती, झोपायचं निमित्त हिरावलं होतं. आणि ते मला सतरंजी अंथरून परत देता येत नव्हतं.

त्याच संध्याकाळी परळला कार्यवाहांच्या ऑफिसखाली जाऊन बसलो. साडेसातला ते उतरले. मला बघून दचकलेच. “काका? एवढ्या लांब?”

“क्लास कधी सुरू होतोय?”

“जूनमध्ये. त्यांची पोरं आत्ता परीक्षेत आहेत.”

“म्हणजे तोवर हॉल नुसता कुलपात?”

“ठराव झालाय ना.”

“जूनपर्यंत मी बसतो. बारा ते चार. उघडायचं, बंद करायचं, पंखे, दिवे, सगळं माझ्यावर. जूननंतर क्लासला रोज हॉल कशाला, ते आपण भांडू. म्हणजे तुम्ही भांडा, मी नुसता आकडा देतो.”

त्यांनी बॅग एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. दिवसभर काम करून आलेल्या माणसाचा चेहरा. म्हणाले, “अध्यक्षांना मी समजावतो. पण एका अटीवर, काका. तुम्ही काहीही लिहायचं नाही. पेनसुद्धा आणायचं नाही.”

किल्ली मिळाली सोमवारी. आता रोज साडेअकराला घर सोडतो. जिना चढताना गुडघे पुन्हा दुखायला लागलेत. मला ह्या उद्योगातून काही मिळत नाही, उलट माझं चिंतन गेलं, कारण जबाबदार माणसाने जागं राहायचं असतं. एप्रिलच्या दुपारी, चार पंख्यांखाली, आजूबाजूला चार माणसं गाढ झोपलेली असताना जागं राहणं म्हणजे काय, ते कचेरीत कधी कळलं नव्हतं. निधनवार्तावाले परत आले. मुतारीवाले आले. ते हल्ली अग्रलेखासमोर थांबत नाहीत, सरळ जातात. मावशी आल्या, माझ्या टेबलाखालून झाडू फिरवला, “पाय वर,” म्हणाल्या. त्यापुढे आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

टोपीवाले पहिले दोन दिवस आलेच नाहीत. मी मावशींना म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना. त्या बादली उचलून पाणी भरायला गेल्या. तिसऱ्या दिवशी बारा वाजून गेल्यावर जिन्यात ती सावकाश पावलं वाजली. ते दारात थांबले. माझ्या टेबलाकडे बघितलं. टेबलावर काही नव्हतं. माझ्या हातांकडे बघितलं; मी ते उगाच टेबलावर पसरून ठेवले होते, नखं दाखवणाऱ्या शाळकरी पोरासारखे.

त्यांनी दांडीचा पेपर घेतला. शेवटच्या खुर्चीपाशी गेले. बसले नाहीत. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून, पाय न घासता, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून बसले. पेपर उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने तोही थांबला. पेपर त्यांनी सरळ धरलाय की आज मांडीवर टाकलाय, ते मला जागेवरून दिसत नव्हतं. मी उठून बघायला गेलो नाही.